अर्धस्मृत विज्ञानकथा आणि समीक्षेची सोयीस्कर विस्मृती

लातूरसारख्या शहरातील सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव टेबलाशी एक विशिष्ट प्रकारचा वाचक अधूनमधून येऊन उभा राहतो. त्याला एक पुस्तक हवे असते. परंतु पुस्तकाचे नाव त्याला आठवत नाही आणि लेखकाचे तर मुळीच नाही. आठवते ते एवढेच, की एके दिवशी सूर्य पश्चिमेला उगवू लागतो, दिवस निम्म्यावर येतो, माणसे उडी मारली की भलतीच उंच जातात, आणि आपण आता पृथ्वीवर उरलेलो नाही हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात येते. पुस्तक शाळेत असताना वाचले होते, पहिली काही पाने फाटलेली होती, एवढी पुस्ती तो जोडतो. ग्रंथपाल लेखकाचे नाव विचारतो, कारण तालिका लेखकाच्या नावाने लावलेली असते. वाचक ओशाळतो आणि परत फिरतो.

या प्रसंगात वाङ्मयीन महत्त्वाचे काही आहे असे मराठी समीक्षेला वाटत नाही. वाटलेच तर ते उलट्या बाजूने. विज्ञानकथा वाचली जाते, चघळली जाते आणि विसरली जाते. तिच्यातील कल्पना तेवढी उरते, शब्द उरत नाहीत. आणि ज्या लेखनाचे शब्द उरत नाहीत ते साहित्य नव्हे, असा एक निष्कर्ष या प्रसंगातून सहज काढला जातो. तो क्वचितच कोणी लिहून मांडतो. अभ्यासक्रम आखताना, वाङ्मयेतिहासातील प्रकरणे पाडताना, संशोधनाचे विषय मंजूर करताना तो न बोलता पाळला जातो. प्रस्तुत लेखाचा रोख या अलिखित निष्कर्षावर आहे. वाचकाच्या अर्धस्मृतीचा दोष विज्ञानकथेच्या माथी मारून समीक्षेने स्वतःच्या विस्मृतीवर पांघरूण घातले आहे, असा त्यामागचा दावा आहे.

विरोधी पक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडला पाहिजे. क्लीन्थ ब्रुक्स यांनी १९४७ मध्ये कवितेच्या गद्यसारांशाला पाखंड ठरवले. साहित्यकृतीचा अर्थ तिच्या रचनेपासून सोडवून वेगळा सांगता येत नाही, सांगितला की कृती नाहीशी होते, हा तो विचार. मराठीत मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रीय लेखनानंतर लयतत्त्वाच्या परिभाषेत हीच भूमिका रुजली. या निकषावर विज्ञानकथा तत्काळ अनुत्तीर्ण होते, कारण तिचा वाचक नेमका सारांशच सांगत असतो. 'ते नाही का, ज्यात असे असे होते' हे तिच्या आठवणीचे व्याकरण आहे. कवितेच्या वाचकाला कवीचे नाव विसरले तरी एखादी ओळ आठवते. विज्ञानकथेच्या वाचकाला ओळ आठवत नाही.

परंतु वाचकाला जे आठवते ते खरोखरच सारांश असते काय, हे कोणी तपासलेले दिसत नाही. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा घ्यावी. ती कथा नावानिशी न आठवणारे वाचक पुष्कळ आहेत. पण त्यांना विचारले असता ते मोबियसच्या पट्टीविषयी बोलत नाहीत. कथेचा वैज्ञानिक गाभा तोच असूनही बहुतेकांच्या स्मरणातून तो गळून गेलेला असतो. राहिलेला असतो तो क्रिकेटचा गोलंदाज, जो भलत्याच हाताने चेंडू टाकू लागतो, आणि राहिलेली असते गणपतीची मूर्ती, जिची सोंड वळली आहे. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आरशातल्या प्रतिमेसारखी उलटापालट होणे ही भूमितीतील गोष्ट. ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीला लागू झाली की तिच्यात एक अस्वस्थ करणारा धाक शिरतो. वाचकाच्या मनात उरला तो हा धाक. त्याला सारांश म्हणता येत नाही. मराठी समीक्षा एरवी ज्याला मोठ्या आदराने प्रतिमा म्हणते, तेच हे आहे.

डार्को सुविन यांनी १९७९ च्या ग्रंथात विज्ञानसाहित्याचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून 'नोव्हम' ही संज्ञा वापरली. एर्न्स्ट ब्लॉख यांच्याकडून घेतलेली ही संज्ञा कथाविश्वात शिरलेल्या त्या एका नव्या गोष्टीचा निर्देश करते, जिच्यामुळे बाकीचे सारे परिचित जग अनोळखी भासू लागते. अर्धस्मृत वाचक सांगतो ते हेच नोव्हम. म्हणजे तो या वाङ्मयप्रकाराचा रचनातत्त्वच लक्षात ठेवून असतो. विसरतो ती त्यावरची पाटी. नाटकाच्या प्रेक्षकाला संवाद विसरून संघर्ष आठवला तर त्याला कोणी अरसिक म्हणत नाही.

येथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. सर्व विज्ञानकथा अशा उरत नाहीत. ज्यांत केवळ कल्पना आहे, यंत्रमानव बंड करतो, परग्रहावरचा पाहुणा येतो, औषधाचा विपरीत परिणाम होतो, त्या वाचकाच्या मनात एकमेकींत मिसळून जातात. तीन कथांची मिळून एक आठवण तयार होते आणि तो जी कथा शोधतो ती कधी लिहिलीच गेलेली नसते. याचा अर्थ एवढाच, की अर्धस्मृती हीदेखील एक कसोटी आहे. कोणती कथा स्पष्ट खुणांनिशी आठवते आणि कोणती धूसर होते, यावरून या प्रकारातील बरेवाईट ठरवण्याची सुरुवात करता आली असती. ज्यांच्याकडे मूल्यमापनाचे काम होते त्यांनी मात्र सगळा ढीग एकाच नावाने बाजूला सारला.

विज्ञानकथेच्या कैवाऱ्यांनीही यात आपला वाटा उचललेला आहे. तिचा बचाव करताना विज्ञानप्रसार, वैज्ञानिक दृष्टिकोन, अंधश्रद्धानिर्मूलन या प्रयोजनांची ढाल त्यांनी इतक्यांदा पुढे केली, की कथा ही औषधाच्या गोळीवरची साखर आहे असे वाचकालाच नव्हे, लेखकालाही वाटू लागले. गोळी पोटात गेल्यावर साखरेची आठवण कोण ठेवणार?

आता नावाच्या प्रश्नाकडे वळावे. मराठी विज्ञानकथेच्या आधुनिक पर्वाचा आरंभच मुळी नाव लपवण्याने झाला, ही गोष्ट किस्सा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते; तिचा अर्थ कोणी लावत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून नारळीकरांनी ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे झाकून कविता ठेवल्या आणि त्या प्रयोगावर १९२९ मध्ये ग्रंथ लिहिला. तो मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत भक्तिभावाने शिकवला जातो. त्याच जातीचा एक प्रयोग मराठीत घडला आणि यशस्वी झाला, पण तो विज्ञानकथेत घडल्यामुळे वर्गात पोचला नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात, अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली ती दुर्गा भागवतांनी. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहिणाऱ्या विदुषीला कर्त्याच्या नावावाचून जगणाऱ्या कथेचे भय वाटत नव्हते. लोककथेचा अभ्यासक रोजच अशा निवेदकाला भेटत असतो, जो म्हणतो, 'एक राजा होता, त्याचा जीव पोपटात होता.' कथा कोणाची, हा प्रश्न तेथे गैरलागू असतो; जीव पोपटात असणे हा कल्पनाबंध कोठे कोठे आढळतो, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांची सूची केली, स्टिथ थॉम्पसन यांनी १९३० च्या दशकात लोकसाहित्यातील कल्पनाबंधांची सूची सहा खंडांत सिद्ध केली, आणि १९५८ मध्ये थॉम्पसन व बॅलिस यांनी भारतीय मौखिक कथांसाठी तसेच काम केले. त्यामुळे आज लोककथेच्या अभ्यासकाला एखादी खूण सांगितली, तर तो सूची उघडून पाहू शकतो. इंग्रजी विज्ञानकथेचा अभ्यासकही ते करू शकतो: एव्हरेट ब्लायलर यांनी १९९० च्या ग्रंथात १९३० पर्यंतच्या तीन हजारांहून अधिक विज्ञानकथांची कथानके नोंदवली आणि त्यांना लेखक व शीर्षक यांच्या जोडीने कल्पनाबंधांचीही सूची जोडली. मराठीत असे साधन नाही. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे पद्धती आहे, विज्ञानकथेच्या वाचकाकडे आठवण आहे. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम समीक्षेचे होते.

त्याऐवजी समीक्षेने काय केले? नव्वदच्या दशकापासून तिने बार्थ आणि फूको यांचे बोट धरून लेखकाच्या मृत्यूची वार्ता खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोचवली. चर्चासत्रे झाली, निबंध वाचले गेले, संहिता स्वायत्त झाली. आणि त्याच विभागांत विज्ञानकथेवर जे प्रबंध झाले ते बहुधा 'अमुक यांची विज्ञानकथा: एक अभ्यास' या साच्यातले. लेखक सिद्धान्तात मेला आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर, तालिकेत व प्रश्नपत्रिकेत सुखाने नांदत राहिला. ज्याच्या हाती खरोखरच लेखकाविना उरलेली संहिता आहे, असा एकमेव वाचक म्हणजे वाचनालयाच्या टेबलाशी उभा असलेला तो ओशाळलेला माणूस. त्याच्याशी बोलायला मात्र या सिद्धान्ताला शब्द सापडले नाहीत.

नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथेला मान्यता मिळाली, आता तक्रारीस जागा नाही, असा युक्तिवाद केला जातो. मान्यता मिळाली ती एका थोर वैज्ञानिकाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांची नावे घेऊन परिच्छेद संपवण्याची रीत त्यानंतरही बदललेली नाही. नारायण धारपांच्या 'नेनचिम' किंवा 'गोग्रॅमचा चितार'सारख्या विज्ञानकादंबऱ्या तर भयकथाकाराच्या खात्यात जमा होऊन गेल्या.

ज्या वाचकापासून आरंभ केला त्याच्या पुस्तकाचा माग आता घेता येईल. सूर्य पश्चिमेला उगवणे, अर्धा झालेला दिवस, कमी झालेले वजन, या खुणा ज्यूल व्हर्नच्या १८७७ च्या 'हेक्टर सर्व्हादाक' या कादंबरीच्या आहेत. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्यसमुद्राकाठचा एक तुकडा माणसांसकट घेऊन जातो, अशी तिची मांडणी. मराठीत ती भा. रा. भागवतांनी 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावाने आणली. फ्रेंच शीर्षकात नायकाचे नाव आहे; भागवतांनी ते टाकून पत्त्यासारखे शीर्षक दिले, जणू कोणी पाहुणा शेंडेनक्षत्रावर मुक्कामाला गेला आहे. हे रूपांतर इतके मुरलेले आहे की वाचकाला ते परकीय म्हणून आठवतच नाही. वाचनालयाच्या नोंदीत ते कोठे असेल? लेखक भागवत, विभाग बालवाङ्मय. आणि आता पन्नाशी उलटलेला तो वाचक बालवाङ्मयाच्या कपाटाकडे फिरकत नाही, ग्रंथपालही त्याला तिकडे पाठवत नाही. मूळ लेखक, रूपांतरकार आणि विभाग या तीनही दारांवर नावे आहेत. त्याच्याजवळची किल्ली चौथ्याच दाराची आहे, आणि ते दार कोणी बसवलेलेच नाही.

मराठी विज्ञानकथेचा पूर्वेतिहासच असा रूपांतरांतून आलेला आहे. 'केरळ कोकिळ' मासिकातून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हर्नची चंद्रसफर मराठीत आली, श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' त्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. मराठवाड्यात या इतिहासाला आणखी एक पदर आहे, त्याकडे पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासाचे लक्ष गेलेले नाही. ज्या पिढीचे शालेय शिक्षण १९४८ पूर्वी निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले, तिचे हौसेचे वाचनही पुष्कळदा उर्दू होते. अलाहाबादहून १९५२ पासून निघालेल्या 'जासूसी दुनिया'तील इब्ने सफींच्या कादंबऱ्यांत गुप्तहेरांबरोबर विलक्षण यंत्रे आणि जगापासून लपलेली वैज्ञानिक राज्ये येतात. अशी एखादी कादंबरी तरुणपणी वाचलेला लातूर-उस्मानाबादकडचा माणूस ती पुढे नातवंडांना मराठीत सांगतो, आणि नातवंडे ती मराठी पुस्तक म्हणून शोधतात. स्मृती कथा जपते, भाषा जपत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासाला याहून जिवंत सामग्री दुसरी कोणती हवी आहे? देवींनी १९९२ मध्ये भारतीय समीक्षेच्या स्मृतिभ्रंशाचे निदान केले, त्याची चर्चा मराठीत भरपूर झाली. ती मध्ययुगीन परंपरेच्या विस्मरणाविषयी झाली, हे योग्यच. पण आजोबांच्या पिढीने काय वाचले हे विसरणाऱ्यांनी सातशे वर्षांपूर्वीच्या विस्मरणाबद्दल हळहळावे, यात थोडा विनोद आहे.

साधनांचा प्रश्न शेवटी येतो, पण खरा पेच तेथेच आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळांतील मराठी ग्रंथांची सूची केली. एका माणसाच्या जिद्दीवर उभे राहिलेले असे काम मराठीत दुसरे क्वचितच असेल. शरद साठे यांनी ते पुढच्या काळात नेले. परंतु ग्रंथसूचीत, तिच्या स्वरूपामुळेच, संग्रह सापडतो, त्यातील कथा सापडत नाही. आणि विज्ञानकथेचा जन्म बहुधा संग्रहात होत नाही, दिवाळी अंकात होतो. दाते सूचिमंडळाने नियतकालिकांची सूची केली ती १९५० पर्यंतची, म्हणजे नेमकी हा प्रकार बहरण्यापूर्वीची. नंतरच्या दिवाळी अंकांचे लहान वाचनालयांत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे: पहिले तीन महिने ते हातोहात फिरतात, उन्हाळ्यापर्यंत मुखपृष्ठ जाते, दोन-तीन वर्षांत रद्दीत निघतात. ग्रंथ म्हणून त्यांची दाखल नोंदवहीत नोंद होतेच असे नाही, मग काढून टाकल्याची नोंद कोठून होणार? लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण होते. या भागात सार्वजनिक ग्रंथालयांना आधी हैदराबाद राज्याचा १९५५ चा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा लागू झाला. कायदे आले, अनुदाने आली, इमारतीही आल्या. फाटक्या अंकाची अनुक्रमणिका उतरवून ठेवावी असे कोणत्याही कायद्याने सांगितले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळली. त्यांतल्या पेट्यांत काय वाचन होते याची मोजदाद करण्याची ती वेळ नव्हती. पुढे मात्र ती कधीतरी येऊ शकली असती.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारले की पुस्तक सापडेल, असे सांगितले जाते. जे मराठी लेखन कोठेही उतरवले गेलेले नाही त्याबद्दल ही साधने मौन पाळत नाहीत. ती अगदी सभ्य मराठीत, कधीच प्रसिद्ध न झालेल्या पुस्तकाचे नाव देऊन मोकळी होतात. विस्मृतीपेक्षा हे वाईट, कारण विसरलेल्या माणसाला आपण विसरलो आहोत एवढे तरी ठाऊक असते.

शिकवण्यांचे शहर म्हणून लातूरची ख्याती आहे. भौतिकशास्त्र तेथे रात्रंदिवस पाठ केले जाते. त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. आज शाळेत असलेली मुले तीस वर्षांनी आगगाडीतून पाणी येणाऱ्या कोरड्या शहराची गोष्ट कोणत्या पुस्तकात वाचली होती, असे विचारत वाचनालयात आली, तर त्यांना हसणाऱ्याने आधी जिल्ह्याचा इतिहास पाहावा.

नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये मराठे पानिपत जिंकले आहेत अशा जगात एक इतिहासाचा प्राध्यापक जाऊन येतो. तेथील ग्रंथालयात त्याने वाचलेली बखर हरवते. परतताना त्याच्या खिशात उरते ते एक फाटलेले पान. त्याचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र आरंभी सारे भ्रम म्हणून उडवून लावतो, पण पान हाती आल्यावर त्याचा सूर बदलतो आणि तो स्पष्टीकरण शोधू लागतो. मराठी समीक्षेला हा मित्र होता आले नाही. फाटके पान घेऊन आलेल्याला तिने पुस्तकाचे नाव विचारले.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी लघुप्रबंध लिहितात. त्यांतल्या एकाने एका तालुक्यातील वाचनालयात उरलेले जुने दिवाळी अंक काढून त्यांतील विज्ञानकथांची केवळ कल्पनाबंधांनुसार नोंद केली, तर ते संशोधन म्हणून मान्य होईल काय, हा प्रश्न विद्वत्समित्यांपुढे आहे. गृहीतक काय, निष्कर्ष काय, सैद्धान्तिक चौकट कोणती, असे विचारले जाईल. वाचनालयांची वार्षिक साफसफाई दिवाळीच्या आधी होते. यंदा रद्दीचा भाव ठरण्यापूर्वी निदान अनुक्रमणिकेची पाने फाडून वेगळी ठेवता येतील. त्याला विद्वत्समितीची मंजुरी लागत नाही.